कोण राहिलं, कोण दोनदा आलं

मंगल,

काल तुझं तेरावं झालं. जेवून हात धुवायला गेले तर नळापाशी तुझे शांतारामदादा उभे. टॉवेल माझ्या हातात देत म्हणाले, "तुमचं ऐकत व्हती ती. तुम्ही का न्हाई अडवलं तिला?" आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मागे मांडवात कोणी बाई दुसरीला सांगत होती की उपचार अर्ध्यावर सोडले, शेवटी हार मानली बिचारीनं. मी टॉवेल परत दिला, रिक्षा केली आणि घरी आले.

आज सकाळपासून तुझ्याशी भांडतेय. चहा दोनदा उतू गेला. दादांना वाटतं, तू उपचार थांबवायचं ठरवलंस आणि मी मान हलवली. खरं तर तू ते माझ्यापुढे मांडलंस आणि त्यातली चूक शोधायला मला बसवलंस. पण हे त्यांना सांगायचं तर आधी आपला डिस्क्रीटचा पेपर समजावून सांगावा लागेल, आणि तो तर आपल्यालाच धड समजत नव्हता.

तुला आठवतं, त्या काळी पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर करायचा होता. पेठेत वडापावच्या गाडीपेक्षा कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या जास्त. मी वाशीमहून एमसीएला आले, तू खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या तुमच्या गावातून, जे नुकतंच महापालिकेत गेलं होतं. माझं वऱ्हाडी 'काऊन' आणि 'आहे'च्या जागी तुझं 'हाय' ऐकून वर्गातली पोरं खुसखुसायची, म्हणून आपण दोघी एका बाकावर आलो. आणि मग एकाच पेपरात नापास झालो. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. त्यातही नेमकं ते परम्युटेशन-कॉम्बिनेशन. इतके लोक इतक्या खुर्च्यांवर किती प्रकारे बसतील, या चार मुलांत ही पुस्तकं किती प्रकारे वाटता येतील. लोक बसले काय न् उभे राहिले काय, आपल्याला काय करायचंय, असं तू म्हणायचीस. पण दुसऱ्यांदाही नापास झालो तेव्हा हसू आलं नाही. तिसरी खेप शेवटची होती. नंतर कॉलेज ठेवून घेणार नव्हतं. एका कंपनीनं आपल्या दोघींची निवड केली होती, पण सगळे पेपर सुटल्याशिवाय नेमणूक नाही, असं बजावलं होतं. माझ्या बाबांनी एसटीडी बूथवरच्या फोनवर स्वच्छ सांगितलं, या खेपेस नाही झालं तर सामान बांधून ये, पाहुणे किती दिवस थांबतील. पाहुणे म्हणजे मला सांगून आलेलं स्थळ, हे तुला मी दोन दिवसांनी सांगितलं.

मी शनिवार पेठेतल्या एका अभ्यासिकेत जागा घेतली होती. तिथे कुजबुजलं तरी देखरेखीचे काका चष्म्यावरून बघायचे. तू तिथे एक दिवस बसलीस आणि म्हणालीस, इथं माणूस गप बसून नापास होतो. म्हणून आपला खरा अभ्यास झाला तो तुझ्या बसच्या थांब्यावर. तुमच्या गावाची बस वेळेवर कधी आली नाही, हे आपलं भाग्य.

मी कशी सोडवायचे गणितं? प्रश्नातले शब्द बघायचे आणि सूत्र हुडकायचे. 'निवडणे' दिसलं की एनसीआर, 'रांग' दिसली की एनपीआर. सर वर्गात विचारायचे, क्रम महत्त्वाचा की नाही, आणि आम्ही निम्मे 'हो' म्हणायचो, निम्मे 'नाही', आणि सरांच्या चेहऱ्याकडे बघून बाजू बदलायचो. थांब्यावर तू मला तेच करताना पकडलंस. रांगेत तेव्हा पाच पुरुष आणि आपल्यासह चार बायका होत्या. तू म्हणालीस, यातले चार जण उचल, पण त्यात एक तरी बाई पायजे, किती प्रकारे? मी फाडफाड सांगितलं की आधी एक बाई घ्यायची, चार प्रकारे. उरलेल्या आठांतून तिघं, छप्पन्न प्रकारे. दोनशे चोवीस. मला वाटलं, आपण हुशार झालो.

तू विचारलंस, "अन् बाईची अट काढली तर?" मी हिशेब केला. नवांतून चार, एकशे सव्वीस. तू माझ्याकडे बघत राहिलीस. सगळे मिळून एकशे सव्वीस आणि त्यातलेच बाईवाले दोनशे चोवीस. लाजेनं माझे कान तापले. रांगेतल्या एका आजोबांना वाटलं आपलं भांडण चाललंय.

मग तू ते लहान केलंस. ही तुझी खोड मला पुढे जन्मभर पुरली. बसच्या वेळा लिहिणारा कंट्रोलर चौकीच्या खिडकीत बसला होता, त्याच्याकडे हनुवटीनं दाखवून म्हणालीस, समज रांगेत तिघंच हायेत. मी, तू आन् तो. दोघं उचल, एक तरी बाई पायजे. तुझ्या रीतीनं कर. मी केलं, आधी एक बाई, दोन प्रकारे, मग उरलेल्या दोघांतून एक. चार आले. "आता नावं घेऊन सांग," तू म्हणालीस. मी बोटांवर मोजलं. मी आणि तू. मी आणि कंट्रोलर. तू आणि मी. तू आणि कंट्रोलर.

"मी-तू आन् तू-मी, येगळं हाय का?"

तिथे मला पहिल्यांदा कळलं की मी काय मोजतेय हे मला ठाऊकच नव्हतं. एकच जोडी एकदा तुझ्या नावानं धरली होती, एकदा माझ्या. त्यावर तू म्हणालीस, बाई असलेले मोजायला गेलीस की घोटाळा होणार, ज्यात एकही बाई न्हाई ते मोज आणि सगळ्यांतून काढून टाक. नुसते पुरुष, पाचांतून चार, पाच प्रकारे. एकशे सव्वीसमधून पाच गेले, एकशे एकवीस. बस आली, तू दारातल्या गर्दीत घुसलीस, आणि मी तिथेच उभी राहून पुन्हा पुन्हा तेच करत बसले, कारण ते आवडलं होतं. गणित आवडण्याची माझी ती पहिलीच वेळ.

त्यानंतर आपला नियम ठरला. मी उत्तर मांडायचं, तू शत्रू. शत्रूनं मदत करायची नाही, सूत्र सांगायचं नाही, आणि मुख्य म्हणजे 'बरोबर' असं कधीही म्हणायचं नाही. फक्त दोन प्रश्न विचारायचे, कोण राहिलं आणि कोण दोनदा आलं. हे प्रश्न तू कुठून आणलेस ते मला तुमच्या घरी आल्यावर कळलं. कालव्यालगतची जमीन बिल्डरला द्यायची होती आणि तुमच्या ओसरीवर भावकी वारस मोजत बसली होती. कुणाची पोरं धरली नाहीत, कोण दत्तक गेल्यामुळे दोन्हीकडून धरला गेलाय, यावर चुलते एकमेकांच्या अंगावर जात होते. तू चहाचे कप घेऊन बाहेर आलीस, बहिणींची नावं कोणी उच्चारत नव्हतं, आणि तूही काही न बोलता कप ठेवून आत गेलीस. पुढे तू हक्कसोडपत्रावर सही केलीस, तेव्हा म्हणालीस, आम्ही मोजल्याच न्हाई जात गं. मी चिडले. तू नाही चिडलीस. तुझं हेच मला कधी पटलं नाही.

आणि हेही नाही पटलं, की तू कायम शत्रूच राहिलीस. मी किती वेळा म्हटलं, आज तू मांड, मी शोधते. तू हसून टाळायचीस. तुझी बस यायची, तुला भूक लागायची, तुला आधी माझं बघायचं असायचं. मी हळूहळू तयार होत होते. उत्तर लिहिलं की माझ्या आतच कोणीतरी 'एक नग दाखव' म्हणायला लागलं. तुझे शब्द होते ते. मोजायचा एक नमुना हातात धरून दाखव, मग बाकीचे मोज. चुकले तर कुठे चुकले ते मला सापडू लागलं. वार झाला की उभं कसं राहायचं, कुठे हट्टानं 'नाही, हे पक्कं आहे' म्हणायचं, हे मी तुझ्या शेकडो शंका झेलून शिकले. तुला ते शिकवणारं कोणी नव्हतं. मी होते, पण तू बसलीच नाहीस समोर. मंगल, याचा मला अजून राग आहे आणि तू गेल्यावरही तो कमी झालेला नाही.

पेपरच्या दिवशी आपले नंबर एकाच वर्गात होते, तू माझ्यापुढे दोन बाक. चौथा प्रश्न आला तो असा: पाच वेगवेगळी पुस्तकं तीन मुलांत वाटायची, प्रत्येकाला किमान एक मिळालं पाहिजे. मी तुझ्याच रीतीनं गेले. अट नसेल तर दोनशे त्रेचाळीस प्रकार. त्यातून कोणीतरी एक मूल रिकामं राहतं ते काढायचे. एका मुलाला वगळून वाटण्याचे बत्तीस, मुलं तीन, म्हणजे शहाण्णव. उरले एकशे सत्तेचाळीस. लिहिलं, खाली रेघ मारली, पान उलटलं.

आणि मानेमागे तुझा आवाज. कोण दोनदा आलं?

पान परत उलटलं. लहान केलं. सगळी पुस्तकं एकाच मुलाला दिली तर? तेव्हा दोन मुलं रिकामी. म्हणजे तो प्रकार पहिल्या मुलाच्या नावानं काढला आणि दुसऱ्याच्या नावानंही. एकच वाटप दोनदा वजा झालं होतं. असे तीन. ते परत मिळवायचे. एकशे पन्नास. पर्यवेक्षक वेळ संपत आल्याचं सांगत होते आणि माझं पेन कागद फाडेल इतकं दाबलं जात होतं. मी एकशे सत्तेचाळीसवर काट मारली आणि एकशे पन्नास लिहिलं. मग पुन्हा एकदा शंका आली, हे तीन जास्तीचे तर नाहीत ना. मी स्वतःला सांगितलं, नाही, हे पक्कं आहे. आणि पेन खाली ठेवलं.

बाहेर जिन्यावर तू मला विचारलंस, चौथ्याचं किती. मी सांगितलं. तू एक पायरी खाली उतरलीस आणि थांबलीस.

"माझं पयलं तेच आलं हुतं."

मी म्हटलं, मग?

"खोडलं."

तू तीन परत मिळवलेस, मग तुला वाटलं ते दुसऱ्यांदा मोजले गेले, म्हणून काढून टाकलेस. आणखी दोन ठिकाणीही तू बरोबर उत्तर खोडलं होतंस, हे तू खाली चहा पिताना सांगितलंस, तेही हसत. तुझ्यासारखी शत्रू साऱ्या कॉलेजात नव्हती आणि त्या वर्गात तू तुझ्या आतल्या त्याच शत्रूला एकटीच सामोरी गेलीस. निकाल लागला. मी सुटले. तू राहिलीस. माझं सामान बांधायचं टळलं ते तुझ्यामुळे, आणि कंपनीच्या बसमध्ये पहिल्या दिवशी शेजारची सीट रिकामी होती. त्या दिवशी मी तुला फोन केला नाही. काय बोलणार होते?

पुढचं आयुष्य तुला माहीत आहे, ते मी तुला कशाला सांगू. खडकीला लग्न, भाऊजींची ऑर्डनन्स फॅक्टरीतली नोकरी, क्वार्टरमधल्या पोरांना गणित शिकवणं, ओंकारचा जन्म. मी कोड लिहीत होते, तुझ्याच दोन प्रश्नांवर पगार घेत होते. कुठली केस राहिली, कुठली दोनदा आली. प्रमोशन झालं की तुला पेढे द्यायला यायचे आणि तू म्हणायचीस, माझा वाटा कुठंय. पेपरचा विषय मात्र आपण दोघी टाळत आलो. मी एकदा काढला होता, तू ओंकारला दूध द्यायला उठलीस.

मग ते दुखणं आलं, परत गेलं आणि पुन्हा आलं. त्या दुपारी हॉस्पिटलात भाऊजी खाली औषधं आणायला गेले होते. तू उशी मागे घेऊन सरळ बसलीस. म्हणालीस, "आज मी मांडते. तू शत्रू." मी म्हटलं, झोप गुपचूप. तू म्हणालीस, "इतक्या वर्षांनी तुझा नंबर लावलाय. नखरे नको करू."

आणि तू मांडलंस. डॉक्टरांनी आणखी एक केमो सुचवली होती. तू त्यांच्याकडून खोदून खोदून विचारून घेतलं होतंस, काय काय होऊ शकतं. तू बरी होशील असा रस्ता त्यात नव्हता, हे त्यांनीच सांगितलं होतं. तुला हवं होतं ते एवढंच की घरी, शुद्धीत, जिभेला चव असताना काही दिवस मिळावेत, किमान एक तरी. म्हणून ज्यात एकही तसा दिवस नाही असे रस्ते तू आधी बघितलेस. औषध घेतलं तर ते फार होते. घरी गेलं तर कमी. मग तू माणसं घेतलीस, एकेकाला नावानं. ओंकारला काय वाटेल, भाऊजी कसे राहतील, आईला कोण सांगेल, दादा किती चिडतील. दादांचं तर तंतोतंत खरं झालं. बोलताना तुला धाप लागत होती, मध्ये पाणी प्यायलीस, पण एकदाही मागे गेली नाहीस. शेवटी म्हणालीस, "सांग आता. कोण राहिलं? आन् ऐक, या येळेला मी खोडणार न्हाई."

मी एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी चूक शोधायला मी जिवाचा जेवढा आटापिटा केला, तेवढा त्या पेपरातही केला नव्हता. चूक सापडली तर तू आणखी काही महिने असणार होतीस. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे बसले, नवीन औषधांबद्दल विचारलं, सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तीन मुद्दे घेऊन आले. पहिला त्या नव्या औषधाचा. तू ते आधीच विचारलं होतंस, तुझ्या दुखण्याला ते लागू नव्हतं, आणि डॉक्टरांनी कारणही सांगितलं होतं. दुसरा ओंकारचा, की पोरगं आत्ता हो म्हणेल आणि जन्मभर मनात ठेवेल. तू म्हणालीस, तो दोन दिवस माझ्याशी भांडला, रडला, मग त्यानंच विचारलं की घरी पलंग कुठे लावायचा. मला तुझा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. किती भक्कम मांडलं होतंस.

तू घरी आलीस आणि तुला ते दिवस मिळाले, हे दादांना कोणीतरी सांगायला हवं. एका रविवारी ओंकारनं आपल्याला गाडीतून खडकवासल्याला नेलं. जाताना तुमच्या गावावरून गेलो, आता तिथे नुसत्या इमारती. तू काच खाली करून तुमचं शेत शोधत होतीस, कालव्यावरून अंदाज बांधत होतीस, आणि शेवटी एका सोसायटीच्या गेटकडे बोट दाखवून म्हणालीस, इथं विहीर हुती, बहुतेक. धरणावर भाजलेलं कणीस घेतलं, तिखट-मीठ-लिंबू लावून. तू निम्मं खाल्लंस आणि म्हणालीस, चव लागतीय. ओंकार तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिला. मला इतका आनंद झाला होता की भीती वाटली.

दादांकडे मी उद्या जाणार आहे. सांगेन की शोधली होती चूक, जीव तोडून शोधली, आणि त्यांची बहीण प्रत्येक प्रश्नाला पुरून उरली. हार मानणारं माणूस असं मांडत नाही. ते ऐकतील की नाही, कोण जाणे.

पण मुद्दे तीन होते, मंगल. दोनच झाल्यावर तू विचारलंस, अजून काय? मी म्हटलं, काही नाही. तू "मग झालं," म्हणालीस आणि डोळे मिटलेस, किती दिवसांनी तुझा चेहरा असा सैल झाला होता. तिसरा मुद्दा मी पर्समध्येच ठेवला. तू ओंकारला धरलंस, भाऊजींना, आईला, दादांना, क्वार्टरमधल्या पोरांनाही धरलंस. मला धरलं नव्हतंस. तू गेल्यावर माझं काय होईल, हे तुझ्या मांडणीत कुठेच नव्हतं. मी ते बोलले असते, तर तू पुन्हा उठून बसली असतीस, पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं असतंस, आणि माझ्यासाठी तू ते खोडलं असतंस. म्हणून बोलले नाही.